ब्रेल छापखान्याच्या दारातला राखणदार

मी एक जुना संगणक आहे. मुळात माझा रंग पांढरा होता म्हणतात. आता तो दूध जास्त पडलेल्या चहासारखा झालाय. मित्रांनो, तुमच्या ओळखीचे संगणक साऱ्या जगाशी गप्पा मारत बसतात. मला मात्र कुणाशीच जोडलेलं नाही. माझ्या पाठीला इंटरनेटची तार नाही, आतल्या संगणकांची तार नाही, हवेतून निरोप पकडण्याची सोयही डॉक्टरीणबाईंनी काढून टाकली. भिंतीतून वीज येते तेवढाच काय तो माझा जगाशी संबंध. एकटं राहणं हीच माझी नोकरी होती आणि ती मी इमानेइतबारे केली.

सुरुवातीला असं नव्हतं हो. कारखान्यातून निघालो तेव्हा मी चांगला तरणाबांड होतो. या छापखान्यात आल्यावर हिशेबाच्या खोलीत मला मानाची खुर्ची मिळाली, म्हणजे खुर्ची माणसाला मिळाली आणि टेबल मला. पण आम्हा यंत्रांचं तारुण्य फार लवकर सरतं. काही वर्षांनी माझी गत अशी झाली, की लोक मला सुरू करायचे, चहा पिऊन यायचे आणि तरी मी जागाच होत असायचो. मग नवे संगणक आले. माझ्यावर एक फडका टाकला गेला आणि ‘भंगार’ हा शब्द माझ्या कानावर पडू लागला.

मला वाचवलं ते डॉक्टरीणबाईंनी. त्या माणसांच्या डॉक्टर नव्हेत. ठरलेल्या दिवशी खांद्याला बॅग अडकवून यायच्या, एकेका संगणकाची तब्येत बघायच्या, म्हणून सगळे त्यांना तसं म्हणायचे. फडका उचलून त्या म्हणाल्या, “याला टाकू नका. याला दारात बसवा.”

“दारात?” छापखान्याचे व्यवस्थापक म्हणाले. त्यांना सगळे साहेब म्हणत. “तो काय कुत्रा आहे?”

“काम तेच आहे. आलेलं सामान हुंगायचं आणि वाईट वास आला की भुंकायचं.”

आता हा छापखाना कसला ते सांगायला हवं. इथे शाईची पुस्तकं होत नाहीत. जाड कागदावर उठावाचे ठिपके उमटतात आणि ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही ती माणसं ते ठिपके बोटांनी वाचतात. त्या लिपीला ब्रेल म्हणतात. छापायचा मजकूर मात्र बाहेरून येतो. कुणी शिक्षक येतात, कुणी शाळेचे कारकून येतात, येताना खिशात पेनड्राइव्ह घेऊन येतात. तो पेनड्राइव्ह त्याआधी कुठेकुठे तोंड घालून आलाय हे त्या बिचाऱ्यांनाही ठाऊक नसतं. मजकुराबरोबर त्यातून व्हायरस येतात आणि एक संगणक आजारी पडला, की तारेने जोडलेले बाकीचेही पटापट अंथरूण धरतात.

म्हणून माझं टेबल दाराशी, चपलांच्या मांडणीशेजारी लागलं. चपला जशा बाहेर काढायच्या तसा पेनड्राइव्हही माझ्यापाशी काढायचा. बाहेरचा पेनड्राइव्ह माझ्या डाव्या खाचेत, छापखान्याचा पिवळा उजव्या खाचेत. मी बाहेरचा तपासायचो आणि चांगला निघाला, तर एंटर दाबल्यावर त्यातला मजकूर पिवळ्यात उतरवून द्यायचो. आत जायचा तो फक्त पिवळा. पिवळ्याला दोऱ्याची गाठ मारलेली असायची, कारण छापखान्यातल्या सगळ्यांनाच काही पिवळा रंग दिसत नव्हता.

आणि वाईट काही सापडलं, तर मी भुंकायचो. डॉक्टरीणबाईंनी मला एक छोटा स्पीकर लावून दिला होता. त्यातून असा भसाडा पोंगा वाजायचा, की आतली माणसं हातातलं काम टाकून बाहेर यायची. पाठोपाठ माझा पडदा लाल व्हायचा. पहिल्याच महिन्यात मी एका मुख्याध्यापकांना पकडलं, एका वकिलांना पकडलं आणि पुतणीच्या लग्नाचे फोटो पुस्तकाबरोबर घेऊन फिरणाऱ्या एका लेखकांना तर दोनदा पकडलं. लोक मला शाबासकी द्यायचे. खोटं कशाला बोलू, मला ती आवडायची.

आठवड्याच्या शेवटी डॉक्टरीणबाई माझी सगळी पाटी पुसून कोरी करायच्या, म्हणजे हुंगताना काही नाकात राहिलं असेल तर तेही जावं. मग मला हे सारं आठवतं कसं, असं तुम्ही विचाराल. मित्रांनो, पाटी पुसली तरी पत्रा काही विसरत नाही, एवढंच समजा. नाहीतर ही गोष्ट तुम्हाला सांगणार कोण?

माझ्याशेजारी फोनवाल्या काकू बसायच्या. फोन घेणं, आल्यागेल्याला पाणी विचारणं आणि मला पेनड्राइव्ह भरवणं ही त्यांची कामं. हातात कायम काहीतरी शिवण असायची. आतलं दार सदा उघडं, त्यामुळे आतलं सगळं मला ऐकू यायचं आणि जे ऐकू यायचं नाही ते काकू फोनवर कुणालातरी सांगायच्या.

आत खिडकीपाशी ठिपकेबाई बसायच्या. त्यांना जन्मापासून दिसत नव्हतं. छापलेल्या पानांवरून बोटं फिरवून चुका काढणं हे त्यांचं काम. एखादा ठिपका जरा कमी उठला असला, तरी त्यांचं बोट तिथे अडायचं. त्यांचा संगणक बोलका होता. पडद्यावर जे लिहिलेलं असेल ते तो वाचून दाखवायचा. सकाळी आत जाताना त्या माझ्या डोक्यावर हात ठेवायच्या आणि विचारायच्या, “काय रे, किती चोर पकडलेस?” मला इतकं आपुलकीने दुसरं कुणी विचारत नव्हतं.

असं माझं बरं चाललं होतं. मग एक दिवस काही मोठे पाहुणे छापखाना बघायला आले. त्यांच्यातल्या एकांनी आपलं भाषण पेनड्राइव्हवर आणलं होतं. साहेब स्वतः तो घेऊन माझ्याकडे आले, हसतमुखाने त्यांनी तो खाचेत घातला आणि मी माझं कर्तव्य केलं. असा भुंकलो, असा भुंकलो, की पाहुण्यांच्या हातातला चहा बशीत सांडला. कुणीतरी हसलं. पाहुण्यांचा चेहरा पडला आणि साहेबांचा त्याहून पडला.

पाहुणे गेल्यावर साहेबांनी माझ्या पाठीमागे हात घालून स्पीकरची तार उपटली. “लाल स्क्रीन दिसतेच की,” ते म्हणाले. “हा तमाशा कशाला हवा?” तिथे उभे होते त्या सगळ्यांनी माना डोलावल्या. खरंच होतं, त्या सगळ्यांना लाल पडदा दिसत होता. स्पीकर काकूंच्या टेबलाच्या खणात गेला. ठिपकेबाई तेव्हा आत पान तपासत होत्या.

काही दिवसांनी जाता जाता त्यांनी काकूंना विचारलं, “हल्ली हा भुंकत नाही?”

“लोक शहाणे झालेत, बाई,” काकू सुईत दोरा ओवता ओवता म्हणाल्या. थट्टेचा स्वभाव त्यांचा. बाई हसल्या आणि आत गेल्या. काकूंच्या मनात पाप नव्हतं, एवढं मी शपथेवर सांगीन.

आता भाचीबद्दल सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यासाठी घडलं. ठिपकेबाईंच्या बहिणीची मुलगी. तिलाही दिसत नव्हतं आणि ती अंध मुलींच्या शाळेत शेवटच्या वर्षाला होती. त्या शाळेत आजवर कुणी भूमिती शिकलंच नव्हतं. बोटांना कळतील अशा आकृत्यांचं पुस्तकच नव्हतं, म्हणून परीक्षेत मुलींना भूमिती सोडायची सवलत मिळायची. भाची म्हणाली, “मला सवलत नको. पुस्तक दे.” ती मावशीला म्हणाली आणि मावशीने ते मनावर घेतलं.

वर्षभर ठिपकेबाई त्या पुस्तकाला लागल्या होत्या. त्रिकोणाची बाजू किती उठावाची असली, की ती बोटाला बाजू वाटेल आणि भिंत वाटणार नाही, यावर त्यांचे आणि भूमितीच्या सरांचे वाद मी ऐकले आहेत. सर शाळेतून येता-जाता डोकावायचे, आकृत्या दुरुस्त करून आणायचे. जे पान चुकलेलं निघे ते रद्दीत जाई. नियम असा होता, की चुकलेली पानं फाडून टाकायची, म्हणजे चुकीचं पुस्तक कुणाच्या हाती पडायला नको. पण इतका चांगला जाड कागद फाडवेना, म्हणून बाई तो पिशवीत घालून घरी न्यायच्या. ही चोरी काकूंना ठाऊक होती आणि मला ठाऊक होती. आम्ही दोघांनीही कानाडोळा केला.

शाळेने मावशीला स्पष्ट सांगितलं होतं. अर्ज भरायच्या आत पुस्तक हातात आलं, तर मुली भूमिती देतील. नाहीतर नेहमीसारखी सवलत घेऊ. दिवस थोडे उरले होते आणि फक्त वर्तुळाचा धडा बाकी होता.

त्या सकाळी काकू दाढ काढायला गेल्या होत्या. ठिपकेबाई सगळ्यांच्या आधी आल्या. दारातच सर भेटले. घाईत होते, शाळेची घंटा व्हायची होती. “वर्तुळं झाली, बाई,” असं म्हणून त्यांनी पेनड्राइव्ह हातात दिला आणि सायकलवर टांग टाकली.

बाईंनी मला कधी हाताळलं नव्हतं, पण काकूंकडून ऐकून त्यांना सगळं पाठ होतं. डावीकडे बाहेरचा. उजवीकडे गाठीचा. थोडं थांबायचं, भुंकला नाही, तर एंटर.

मी हुंगायला घेतलं आणि लगेच वाईट वास आला. सर वाटेतल्या कुठल्याशा दुकानात आकृत्यांच्या प्रती काढून आले होते आणि तिथून त्यांच्या वर्तुळांमध्ये एक आगंतुक येऊन बसला होता. साधासुधा नव्हता. आत जायचं, सगळ्या फायलींना कुलूप घालायचं आणि किल्लीसाठी खंडणी मागायची, अशा जातीचा होता. मी लाल झालो. इतका लाल मी आयुष्यात झालो नव्हतो. मोठ्या अक्षरांत लिहिलं: धोका आहे. तरीही पुढे जायचं?

मित्रांनो, ठिपकेबाई माझ्यासमोर उभ्या होत्या. मान जराशी तिरपी करून, कान देऊन उभ्या होत्या. त्या निष्काळजी नव्हत्या. त्या माझ्या आवाजाची वाट बघत होत्या आणि मी त्यांच्या तोंडावर माझा सगळा लाल रंग फेकत होतो. बराच वेळ त्या तशाच ऐकत राहिल्या. मग माझ्या डोक्यावर थोपटून म्हणाल्या, “शहाणं बाळ,” आणि त्यांनी एंटर दाबलं.

त्या प्रश्नाला एंटर म्हणजे ‘हो’ होतं.

आत जाऊन त्यांनी पिवळा पेनड्राइव्ह आपल्या संगणकाला लावला. तो नेहमीच्या शांत आवाजात नावं वाचू लागला. वर्तुळ एक. वर्तुळ दोन. स्पर्शिका. बाईंनी एक फाइल उघडली. थोड्या वेळाने तो पुन्हा नावं वाचू लागला, पण आता शब्दांच्या जागी नुसती अक्षरं, आकडे, काहीच्या बाही यायला लागलं, तापात माणूस बरळतो तसं. बाईंनी क्षणभर ऐकलं आणि ताबडतोब फोन उचलला. काय झालं असेल, आपल्याला कोण काय म्हणेल, याचा विचार करत बसल्या नाहीत.

“आधी तारा उपटा,” पलीकडून डॉक्टरीणबाईंचा आवाज इतका मोठा होता, की मला दारात ऐकू आला. “बोलू मागाहून.”

बाई टेबलाखाली शिरल्या. हाताने चाचपत एकेक तार शोधून त्यांनी सगळ्या उपटल्या. त्यामुळे ठिपके उठवणारं यंत्र वाचलं, हिशेबाची खोली वाचली. पण ज्या संगणकात पुस्तकं होती तो गेला. त्याची नक्कल ठेवलेली डिस्क होती, तीही गेली. ती नक्कल घेतल्यावर काढून कपाटात ठेवायची असते. कुणीतरी सोयीचं म्हणून ती कायम लावून ठेवली होती. चोराला घराबरोबर शेजाऱ्याकडे ठेवलेली पेटीही मिळाली म्हणा ना. भूमितीचं अख्खं पुस्तक कुलपात गेलं.

सगळे जमले तेव्हा आतल्या पडद्यावर खंडणीचा मजकूर झळकत होता. साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. “देऊन टाकू या का?” त्यांनी हळूच विचारलं.

“चोराला पैसे दिले म्हणून तो किल्ली देईलच असं नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “तुमचा पत्ता मात्र लक्षात ठेवील.”

मग साहेब बाहेर माझ्यापाशी आले आणि भीतीने माणूस जे बोलतो ते बोलले. “बाईंना दिसत नाही. त्यांनी मशीनला हात लावायलाच नको होता. यापुढे हे काम फक्त काकू करतील.”

ठिपकेबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. “मी ऐकलं होतं, साहेब,” त्या म्हणाल्या. “बराच वेळ ऐकलं. तो काही बोलला नाही.” मला इतकं वाईट कधीच वाटलं नव्हतं, भंगाराच्या दिवसांतही नाही.

डॉक्टरीणबाईंनी मला तपासलं. “याने पकडलं होतं,” त्या म्हणाल्या. “लाल होऊन विचारलंही होतं. मग भुंकला कसा नाही?” त्यांनी माझ्या पाठीमागे हात घातला आणि थांबल्या. “याची जीभ कुणी काढली?”

दाढेवर हात धरून आलेल्या काकूंनी खणाकडे पाहिलं. साहेबांनी पुढे होऊन खण उघडला. रबरबँड आणि वाळलेल्या पेनांच्या खालून त्यांनी स्पीकर काढला, त्याची धूळ आपल्या बाहीला पुसली आणि तो ठिपकेबाईंच्या हातात दिला. बाईंनी तो बोटांनी ओळखला.

“मीच काढला, बाई,” साहेब म्हणाले. “लाल स्क्रीन दिसते म्हणालो. कुणाकुणाला दिसते, ते विचारलं नाही मी.”

“आणि मी लोक शहाणे झालेत म्हणून सांगून बसले,” काकू म्हणाल्या.

बाईंना राग आला होता. त्यांनी स्पीकर टेबलावर ठेवला. मग त्या एवढंच म्हणाल्या, “ते राहू द्या आता. पुस्तकाचं काय?”

संध्याकाळी बाई घरी गेल्या तेव्हा जाताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी छापखान्यासमोर एक स्कूटर थांबली. चालवणारे भाचीचे वडील, मागे भाची आणि दोघांच्या मध्ये सुतळीने बांधलेला एक भला मोठा गठ्ठा. तो उचलून आत आणताना वडिलांना घाम फुटला. भाचीने सरळ साहेबांच्या दिशेला तोंड करून सांगितलं, “मावशीला रागावू नका. ही सगळी रद्दी आहे. पण सगळीच्या सगळी आहे.”

वर्षभरात प्रत्येक पान एकदा तरी चुकलं होतंच. मावशीने घरी नेलेलं एकेक चुकलेलं पान तिने वाचून काढलं होतं आणि धड्यांप्रमाणे लावून ठेवलं होतं. छापून यायच्या आधीच त्या पोरीचं अर्धं पुस्तक शिकून झालं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा असा. खरं तर तिला घरी बसून स्वतःपुरता अभ्यास करता आला असता. पण सवलत नको असं म्हणणारी ती एकटीच नव्हती, वर्गातल्या सगळ्याच मुली पुस्तकाची वाट बघत होत्या.

डॉक्टरीणबाईंनी गठ्ठ्यावर थाप मारली. “याला आम्ही बॅकअप म्हणतो,” त्या म्हणाल्या. “तारेला न जोडलेला, दुसऱ्या घरात ठेवलेला. फक्त तो इतका जड नसतो.” साहेबांनी रद्दीच्या नियमाबद्दल अवाक्षर काढलं नाही.

मग छापखान्यात जी गडबड सुरू झाली ती मी जन्मात विसरणार नाही. पुसून स्वच्छ केलेल्या संगणकापुढे साहेब स्वतः टंकायला बसले. भाची बोटांनी पान वाचायची, साहेब टाइप करायचे, आकृत्या पानावरून मोजून पुन्हा काढायचे आणि कुठे काय चुकलं होतं ते ठिपकेबाई आठवणीतून सांगायच्या. त्या भराभर पुढे जाऊ लागल्या, की भाची त्यांना अडवायची. “थांब, मावशी. इथे कोन उलटा आहे.” “थांब, मावशी, ठिपका फुटलाय.” दिवसभर उघड्या दारातून तो आवाज माझ्यापर्यंत यायचा आणि दर वेळी मला वाटायचं, त्या सकाळी हे दोन शब्द मला बोलता आले असते तर.

वर्तुळाच्या धड्याचं पान मात्र एकदाही छापलं गेलेलं नव्हतं, म्हणजे रद्दीतही नव्हतं. सरांचा तो पेनड्राइव्ह आता कुणी उघडणार नव्हतं, म्हणून त्यांनी मान खाली घालून वर्तुळं पुन्हा कागदावर काढून आणली. ती यंत्रावर चढवायला वेळ उरला नव्हता. तेव्हा काकूंनी शिवणाच्या डब्यातून कापडावर खुणा करायचं दातेरी चाक काढलं. जाड कागद उलटा धरून त्यांनी वर्तुळाच्या रेघेवरून ते फिरवलं. भाचीने कागद सुलटा करून बोट फिरवलं, एक फेरी पुरी केली आणि ती म्हणाली, “गोल आहे, काकू. पण शेवटी जरा भूक लागल्यासारखा आत गेलाय.” काकूंनी दुसरा केला. प्रत्येक मुलीच्या प्रतीतली सगळी वर्तुळं काकूंच्या हातची आहेत.

पुस्तक वेळेत गेलं. मुलींनी भूमिती दिली. परीक्षा झाल्यावर भाची धावत पायऱ्या चढून आली आणि दारातूनच ओरडली, “वर्तुळ आलं होतं, मावशी. सोडवलं.” ठिपकेबाईंनी तिला जवळ ओढलं आणि त्या रडल्या. मीही रडलो असतो, पण मला ओल चालत नाही.

त्यानंतर डॉक्टरीणबाई सगळ्यांची झाडाझडती घ्यायला बसल्या. साहेब म्हणाले, “बैल गेला आणि झोपा केला, असं नको व्हायला.” त्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “गोठ्यात अजून बैल आहेत ना?” नकलेची डिस्क नक्कल झाली, की कपाटात जाऊ लागली. मी धोका दाखवला, की एंटर दाबून काहीच होईनासं केलं. आणि माझा स्पीकर परत जागेवर आला.

आता पोंगा नको, शब्द हवेत, असं ठरलं. साहेबांनी मजकूर लिहून आणला: “सदर उपकरणामध्ये आक्षेपार्ह घटक आढळून आला असल्याकारणाने…” काकू म्हणाल्या, “हे संपेस्तोवर व्हायरस आत जाऊन जेवून येईल.” ठिपकेबाई म्हणाल्या, “भाचीचा आवाज घ्या. तिने थांब म्हटलं, की मी थांबते.”

अशा रीतीने मला भाचीचा आवाज मिळाला. वाईट काही सापडलं, की मी म्हणायचो, “थांब, मावशी. यात काहीतरी आहे.” आणि एक गोष्ट ठिपकेबाईंनी हट्टाने मागून घेतली. सगळं ठीक असेल तेव्हाही मी बोललं पाहिजे. “ठीक आहे, मावशी. जा.” कारण मी गप्प बसलो, तर त्याचा अर्थ सगळं आलबेल आहे असा नव्हे, माझी जीभ पुन्हा कुणीतरी काढली आहे असा आहे. मी काहीच बोललो नाही तर कुणीही आत जायचं नाही, हा नियम साहेबांनी स्वतः सही करून दारावर लावला. ठिपक्यांतही लावला.

तेव्हापासून माझ्यासमोर येणारा प्रत्येक जण मावशी झाला. वकील मावशी, मुख्याध्यापक मावशी. ते मोठे पाहुणे पुन्हा आले आणि मी त्यांनाही, “थांब, मावशी,” म्हटलं. यावेळी साहेबांनी तार उपटली नाही. पाहुण्यांना सगळी हकिकत सांगितली. ते हसले आणि त्यांनी पेनड्राइव्ह मुकाट्याने खिशात ठेवला.

मित्रांनो, आता माझा काळ संपत आलाय. भाची मोठी झाली, त्याच शाळेत गणित शिकवते. तिचा आवाज भरला आहे. परवा ती प्रश्नपत्रिका छापायला घेऊन आली आणि मी तिला तिच्याच लहानपणच्या आवाजात अडवलं, तेव्हा ती खाचेपाशी हात तसाच ठेवून उभी राहिली. मग म्हणाली, “काय बाई ठसक्यात बोलायचे मी.” ठिपकेबाईंची बोटं आता बधिर झाली आहेत, ठिपके लागत नाहीत. त्या घरी असतात. काल माझ्या टेबलावर एक नवा, काळा, चकचकीत संगणक आला आणि मी खाली चपलांच्या मांडणीशेजारी आलो.

माझं एकच मागणं आहे. तुम्ही मोठे व्हाल, कुठेतरी कामाला लागाल, तिथेही दारात माझ्यासारखा कुणी बसलेला असेल. त्याचा आवाज कर्कश वाटला, कामात व्यत्यय आला, चारचौघांत लाज वाटली, तरी त्याची तार काढू नका. तो बोलत नसेल, तर आधी विचारा, का बोलत नाही. आणि तो जे सांगतो ते तुमच्याबरोबर काम करणाऱ्या प्रत्येकाला कळतंय का, तेही विचारा. फक्त आपल्याला कळतं म्हणून भागत नाही.

मला भंगाराची भीती आता वाटत नाही. काल डॉक्टरीणबाईंनी माझ्यातला तो आवाज काढून नव्या संगणकात घातला आणि चालतोय का ते बघायला एकदा वाजवला. नेमक्या त्याच वेळी ठिपकेबाई सहज भेटायला म्हणून काकूंचा हात धरून पायऱ्या चढत होत्या. “थांब, मावशी,” नवा म्हणाला आणि बाई उंबऱ्यावर पाय तसाच उचललेला ठेवून जागच्या जागी थांबल्या.